वय वाढतंय, स्टेअरिंग सोडायचं नाही: ट्रकवरचं कमी अंगमेहनतीचं काम कोणतं?

जुना_गिअर (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी.

वय ५७. सगळी हयात गाडीवर गेली. सध्या उघड्या फ्लॅटबेड ट्रेलरवर आहे. सळई, पाइप, पत्र्याची गुंडाळी, कधी यंत्रांचे सुटे भाग. चालवायचं म्हणाल तर अजून कुणाला हार जाणार नाही. माझी परीक्षा गाडी उभी राहिली की सुरू होते. माल चढला की साखळ्या टाका, रॅचेट आवळा, वर चढून ताडपत्री पसरा. वारा असला की ती ताडपत्री आपल्यालाच घेऊन उडायला बघते, आणि भिजली की दोघांनाही आवरत नाही. उजवा खांदा पूर्ण वर जात नाही, डावा गुडघा कुरकुरतो, कंबर सकाळी सरळ व्हायला वेळ घेते.

घरचे म्हणतात सोडा आता, सावलीत बसून काहीतरी करा. मला ऑफिसात बसवलंत तर मी आठवड्यात आजारी पडेन. अजून सात-आठ वर्षं तरी चालवायचं आहे. कमाई थोडी घटली तर चालेल, फार नको.

डोक्यात चार पर्याय आहेत: कंटेनर, टँकर, डंपर, नाहीतर एखाद्या मोठ्या गोदामाच्या आवारात ट्रेलर हलवायचं काम. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा. "काका, आराम करा" हा सल्ला नको. तो घरी भरपूर मिळतो.

कंटेनरवाला | सोमवार, रात्री १०:०५

काका, माझं मत सरळ कंटेनर. पेटी बंद, सील लागलेलं, आत काय आहे याच्याशी आपला संबंध कागदापुरता. क्रेन पेटी ठेवते, क्रेनच उचलते. आपण पेटीला चेसिसवर, म्हणजे ट्रेलरच्या सांगाड्यावर, धरून ठेवणारे चार कोपऱ्यांचे ट्विस्ट लॉक फिरवायचे, सीलचा नंबर कागदाशी ताडायचा आणि निघायचं. ताडपत्री नाही, साखळी नाही.

अवांतर: ही पेटी जगभर रूढ करणारा माल्कम मॅकलीन मुळात ट्रकवाला. १९५६ मध्ये त्याच्या 'आयडियल एक्स' जहाजातून ५८ पेट्या नेवार्कहून ह्यूस्टनला गेल्या आणि बंदरावरची पाठीवरून वाहायची ओझी तिथून कमी होत गेली. आपल्या कमरांवर त्या माणसाचे उपकार आहेत.

आता तोटे. थांबावं फार लागतं. यार्डाच्या रांगेत तासन्‌तास जातात, आणि भाडं फेरीवर असेल तर ते तास आपल्या खिशातून जातात. म्हणून थांबण्याचे पैसे वेगळे मिळतात का ते आधीच विचारा. चेसिस जुनी असेल तर ट्विस्ट लॉक गंजून बसलेले असतात, मग त्याच खांद्यावर भार येतो. आणि दार उघडायची पाळी आलीच तर समोर उभं राहू नका. आतला माल प्रवासात सरकून दाराला रेललेला असतो. आडोशाला राहून, एकच पाखा हळू उघडायचा.

डांबरी | सोमवार, रात्री १०:३१

डंपर यादीतून खोडा.

ऐकायला फार छान वाटतं: बटण दाबलं, हौदा वर, माल खाली, हात खिशात. पण खाणीतला आणि बांधकामावरचा रस्ता तुम्ही पाहिलाय ना? दिवसभर सीटवर आदळायचं. मी डंपरवर असताना खांदे एकदम ठणठणीत होते आणि कमरेने मात्र बोलणं सोडलं होतं. शिवाय हौदा वर असताना एका बाजूची जमीन खचली की गाडी आडवी होते, वरच्या विजेच्या तारांचं भान वेगळंच. पक्क्या रस्त्याने खडी पोचवायचं ठरावीक काम मिळत असेल तर गोष्ट निराळी. खाणीच्या आतलं काम पन्नाशीनंतर नको.

सांधेजोड | मंगळवार, सकाळी ७:१५

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ड्रायव्हर मंडळी माझ्याकडे बरीच येतात, म्हणून या धाग्यात नाक खुपसते.

डांबरी म्हणतात ते खरं आहे. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा होणाऱ्या वर-खाली कंपनाला सगळ्यात जास्त साथ देतो, आणि जड गाड्यांचे हादरे त्याच्याच आसपास असतात. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात यासाठी दोन मर्यादा आहेत. आठ तासांच्या कामात अंगाला बसणारं सरासरी कंपन ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग याच्या पुढे गेलं की मालकाने उपाय सुरू करायचे, आणि १.१५ च्या पुढे माणसाला ते काम करू द्यायचंच नाही. गुळगुळीत रस्त्यावर, हवेच्या चांगल्या सीटवर ट्रकचालक या दुसऱ्या आकड्यापासून बराच लांब असतो. खडबडीत रस्त्यावर ते अंतर भराभर कमी होतं. तेव्हा "अंगमेहनत नाही" आणि "अंगाला त्रास नाही" या दोन वेगळ्या गोष्टी धरा.

काका, तुम्हाला काही विचारायचं आहे, कारण कामाची निवड दुखण्यावर ठरेल. गुडघा क्लच दाबताना दुखतो की उतरताना? खांदा हात वर नेताना दुखतो की काही ओढताना? कंबर गाडी चालवताना धरते की उतरून माल बांधायला लागल्यावर?

तोवर एक गोष्ट आजपासून करा. चार तास बसून खाली उतरल्याबरोबर वजनाला हात घालू नका. सतत बसून आणि हादरे खाऊन मणक्याभोवतीचे अस्थिबंध सैलावलेले असतात, त्या वेळी चकत्यांना इजा लवकर होते. आधी कागदपत्रं करा, टायर बघत गाडीला फेरी मारा, पाच-दहा मिनिटं चाला. मग साखळी.

आणि वजनाचंच म्हणाल तर अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेने उचलण्याचं जे सूत्र केलंय, त्यात सगळं काही आदर्श असताना, म्हणजे वजन अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर, वळायचं नाही, वरचेवर उचलायचं नाही, अशा वेळची मर्यादा २३ किलो आहे. मोठी ताडपत्री त्याच्या दुप्पट सहज भरते. हे तरुणांनाही लागू आहे, काका. तुमचं वय एवढंच करतं की शरीर तक्रार आता लवकर नोंदवतं.

वंगण | मंगळवार, सकाळी ८:०२

क्लचचा विषय निघालाच आहे तर: ऑटोमॅटिक गिअरची गाडी मागून घ्या काका, डावा गुडघा निम्मा सुटेल. टँकरवर संध्याकाळी सविस्तर लिहितो.

जुना_गिअर | मंगळवार, दुपारी १:२०

वंगणभाऊ, गाडी ऑटोमॅटिकच आहे. त्यामुळे क्लचवर ढकलता येत नाही!

सांधेजोडताई, गुडघा उतरतानाच दुखतो. केबिन उंच आहे, शेवटच्या पायरीवरून उडी पडते, सगळेच मारतात. खांदा हात डोक्याच्या वर गेला की दुखतो, म्हणजे साखळी पलीकडे फेकताना आणि ताडपत्री ओढताना. कंबर चालवताना अजिबात नाही. उतरल्यावर.

सांधेजोड | मंगळवार, दुपारी २:४५

मग तुमच्या दुखण्यात गाडी चालवण्याचा वाटा फारच थोडा दिसतो. ही चांगली बातमी आहे.

उडी आजपासून बंद. उतरताना तोंड केबिनकडे, दोन हात आणि एक पाय किंवा दोन पाय आणि एक हात, असे तीन आधार कायम. उडी मारली की गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट धक्का येतो, आणि तो दिवसातून अनेकदा. दुखऱ्या पायासाठी आमच्याकडे एक साधा नियम आहे: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

खांद्याची तपासणी मात्र करून घ्या. हात फक्त वर नेताना दुखतो की सगळ्याच बाजूंनी आखडलाय, यावर उपचार बदलतात. मधुमेह असेल तर खांदा गोठण्याची शक्यता जास्त असते, म्हणून साखरही तपासा.

ट्रिपशीट | मंगळवार, दुपारी ३:३०

गाड्या लावण्याचं काम करते, म्हणजे समोरच्या खुर्चीतून लिहितेय.

काका, तुम्ही गाडीचा प्रकार विचारताय. मी म्हणेन, फेरीच्या दोन टोकांना काय होतं ते विचारा. तोच बंद ट्रक, तोच माल. एका गिऱ्हाईकाकडे फोर्कलिफ्ट येते, पॅलेट उचलते, ड्रायव्हर केबिनमध्ये बसलेला. दुसऱ्याकडे "ड्रायव्हरने मदत करायची" अशी बोली असते आणि माणूस तासभर पॅलेट ट्रॉली ओढत असतो. बाहेरून दोन्ही कामं सारखीच दिसतात.

मुलाखतीला कुणी "काम हलकं आहे ना?" असं विचारलं की समोरचा हो म्हणणारच. त्याऐवजी असं विचारा: दार कोण उघडतं, माल कोण उतरवतो, एका फेरीत किती ठिकाणी थांबायचं, पाळीत किती वेळा ट्रेलर जोडायचा-सोडायचा, गाडी ठरलेली मिळते की रोज वेगळी. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, तसा तो नाही. रोज वेगळी गाडी म्हणजे रोज वेगळी सीट, आणि सीट आपल्या वजनाला लावून घ्यायला वेळ कुणाकडे असतो? टायर बदलायची वेळ आली तर कोण बदलतं हेही विचारा. मोठ्या गाडीचं चाक टायर-रिमसकट शंभर किलोच्या घरात असतं. रस्त्यावर मदतीला गाडी पाठवतात की ड्रायव्हरच्या हातात पाना देतात, यावर त्या कंपनीबद्दल बरंच कळतं.

दुसरं, नोकरी सोडण्याआधी आहे तिथेच विचारून बघा. तुमचाच माल सरकत्या कव्हरच्या ट्रेलरमधून जातो की नाही? सांगाड्यावर ताडपत्री कायमची बसवलेली असते, रुळावरून पुढे-मागे सरकते. वर चढणं संपतं. साखळ्या राहतात, पण तुमच्या खांद्याचा मोठा शत्रू जातो. असा ट्रेलर रिकामा असतानाच जड असतो म्हणून काही मालकांना नको असतो. बंडलं नाजूक असतील, पाणी लागून चालणार नसेल, तर मात्र गिऱ्हाईकालाच तो हवा असतो.

कंटेनरवाला | मंगळवार, दुपारी ४:१०

हे सरकत्या कव्हरचं भारी आहे. +१

वंगण | मंगळवार, रात्री ८:५५

सकाळी कबूल केल्याप्रमाणे टँकर. मी पन्नाशी ओलांडल्यावर इकडे आलो. परत दुसरीकडे जाणार नाही, पण "टँकर म्हणजे आराम" हे ऐकलं की हसू येतं. टँकर हे एक काम नाहीच.

इंधनाचा टँकर: पंपावर माल बहुतेक वेळा गुरुत्वाने जमिनीखालच्या टाकीत उतरतो. होज जोडायचा, झडप उघडायची, उभं राहून लक्ष ठेवायचं. ताकद थोडी, शिस्त प्रचंड. चुकीच्या टाकीत चुकीचं इंधन गेलं तर काय होतं ते सांगायला नको.

दूध, खाद्यतेल वगैरे: उतरवायला पंप असतो, पण प्रत्येक खेपेनंतर टाकी धुण्यात वेळ जातो. आणि एक खास गोष्ट. या टाक्यांमध्ये आत आडवे पडदे बहुधा नसतात, कारण पडद्यांच्या कोपऱ्यांत माल साचून टाकी नीट धुता येत नाही. त्यामुळे ब्रेक मारला की आतला माल पुढे येऊन ढुशी देतो, सिग्नलला थांबलेली गाडीही पुढे सरकायला बघते. टाकी अर्धवट भरलेली असली तर जास्तच. वळणावर वेग आधीच कमी केलेला हवा. जुन्या ड्रायव्हरला हे जमतं, कारण घाई सुटलेली असते.

रसायन: पैसे चांगले. पण जाड सूट, हातमोजे, तोंडावर मास्क घालून उन्हात उभं राहायचं. मला सोसलं नाही.

सिमेंटचा बल्कर: हवेच्या दाबाने माल वर सायलोत, म्हणजे उंच कोठीत, ढकलायचा. कॉम्प्रेसरचा आवाज कान फोडतो, होज जड, आणि झाकणं बघायला वर चढायचं.

म्हणजे टँकरला विचारायचा प्रश्न एकच: वरून भरतात की खालून? खालून भरणं असेल तर शिडी चढायची गरज जवळजवळ संपते. वरून असेल तर दिवसातून अनेकदा निसरड्या शिडीवर, हातात झाकणाची किल्ली घेऊन. काकांच्या गुडघ्याला आणि खांद्याला ते ताडपत्रीइतकंच वाईट. होजसाठी गाडीला नळकांडं असतं, ते कमरेच्या उंचीला आहे की गुडघ्याच्या, तेही पाहून ठेवा. धोकादायक मालासाठी वेगळं प्रशिक्षण आणि परवान्यावर तशी नोंद लागते, तेवढा वेळ धरून चाला.

उलट_पावली | मंगळवार, रात्री ९:३०

सगळे हात आणि गुडघ्यांचं बोलताय. मी उलट बाजू मांडतो.

मालाला हात न लावणारं काम म्हणजे दिवसभर बूड न हलवणारं काम. आमच्या बरोबरीचे जे जे "हलक्या" लांब पल्ल्याच्या कामावर गेले, त्यांचे खांदे सुधारले आणि पोटं सुटली. मग रक्तदाब, मग साखर. ड्रायव्हरची नोकरी खांद्याने क्वचित जाते, ती मेडिकलमध्ये जाते. ब्रिटनमध्ये अवजड गाडीच्या परवान्याला पंचेचाळिशीनंतर दर पाच वर्षांनी वैद्यकीय दाखला लागतो आणि पासष्टीनंतर दरवर्षी. अमेरिकेत धडधाकट माणसालाही दोन वर्षांपलीकडचं प्रमाणपत्र मिळत नाही, आणि रक्तदाब १४०/९० किंवा त्याच्या वर असेल तर मुदत आणखी कमी. काकांना सात-आठ वर्षं काढायची आहेत. सळई वाहताना जो घाम निघतो त्यानेच त्यांचा दाखला आजवर पास होतोय, असं माझं म्हणणं आहे.

डांबरी | मंगळवार, रात्री ९:४४

म्हणजे खांदा तुटेपर्यंत साखळ्या फेकायच्या, का तर साखर वाढू नये म्हणून? व्यायाम करायचाय तर चालायला जावं माणसाने. साखळी फेकणं हा काही योगासनांचा प्रकार नाही.

सांधेजोड | मंगळवार, रात्री १०:२०

उलट_पावली यांचा अर्धा मुद्दा मला मान्य आहे, म्हणजे बसणं खरंच वाईट. पण एकाच खांद्यावर, एकाच दिशेने, थंड अंगाने पडणारा ताण हा व्यायाम नव्हे, झीज आहे. कामातून जड ओढाताण गेली की तिच्या जागी चालणं ठरवून आणावं लागेल, एवढं मात्र खरं. आपोआप येत नाही. युरोपात साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं विश्रांती सक्तीची आहे. ती सीटवर मोबाइल बघण्यात गेली तर पाठीला तिचा काहीच उपयोग नाही.

आणखी एक, जो तपासायला मंडळी लाजतात: घोरणं. मान जाड असेल, झोपेत श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, रात्रभर झोपूनही दुपारी डोळे मिटत असतील, तर झोपेची तपासणी करा. त्यावर श्वासाचं यंत्र मिळतं आणि माणूस गाडी चालवत राहतो. लपवलं तर एक दिवस रस्त्यावर कळतं.

रातपाळी | बुधवार, पहाटे ५:१०

आत्ताच गाडी लावून आलो.

मी पार्सलच्या एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात बंद ट्रेलर नेतो. रात्री निघायचं, अर्ध्यावर समोरून येणाऱ्याशी ट्रेलर बदलायचा, पहाटे परत. मालाला हात लागत नाही. रस्ता ठरलेला, गाडी ठरलेली, दिवसा घरी. अंगमेहनतीपुरतं विचाराल तर याच्यासारखं काम नाही, आणि पैसेही बरे.

किंमत झोपेत मोजावी लागते. पहाटे दोन ते सहा या वेळात शरीर झोप मागतंच, कितीही वर्षांची सवय असू दे. सतरा तास जागं राहिलेल्या माणसाच्या प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतक्या मंदावतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. दिवसा घरी असणं हे इतरांना फार सोयीचं वाटतं, म्हणून बँकेत जाऊन या, पाहुण्यांना आणून सोडा, आणि रात्री परत गाडी. असं चालत नाही. दिवसाची झोप घरातल्या सगळ्यांनी मिळून राखावी लागते.

आणि डोळे. साठीच्या माणसाला विशीतल्याच्या तिपटीच्या आसपास प्रकाश लागतो, आणि समोरच्या दिव्यांनी डोळे दिपले की सावरायला वेळ जास्त. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर आधी रात्रीच कळते. काका, रात्रीचं काम घ्यायचं तर डोळे आधी तपासा. गुडघा नंतर.

उलट_पावली | बुधवार, सकाळी ९:००

बघा, मी तेच म्हणतोय. हलकं काम कुठेच नाही, भार एकीकडून दुसरीकडे जातो.

ट्रिपशीट | बुधवार, सकाळी ९:२५

मग जो अवयव शाबूत आहे तिकडे न्यावा! काकांची कंबर चालवताना दुखत नाही, मनात घाई नाही. असा माणूस बसायच्या कामाला चांगला.

वयाबद्दलही लिहिते, कारण काही जण मुलाखतीत "आता होत नाही" इथूनच सुरुवात करतात. तसं करू नका. इतकी वर्षं अपघात नाही, माल खराब झाल्याची तक्रार नाही, कागद चोख, हे आधी सांगा. नाजूक माल, धोकादायक माल, चिडके गिऱ्हाईक अशा ठिकाणी आम्ही पिकलेला माणूसच शोधत असतो. पण खांद्याचं लपवूही नका. करारात माल उतरवणं नाही, असं लेखी घ्या. तोंडी बोलणी पहिल्या गर्दीच्या दिवशी विरून जातात.

आवार_सम्राट | बुधवार, दुपारी १२:४०

आवारातल्या कामाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी तेच करतो.

आमचा टर्मिनल ट्रॅक्टर बुटका असतो, पाठीमागे दार, एक-दोन पायऱ्या. मागचं फिफ्थ व्हील (ट्रेलर जोडायची बैठक) हायड्रॉलिकने वर उचलतं, त्यामुळे ट्रेलरचे पाय हाताने फिरवावे लागत नाहीत, नुसता उचलून न्यायचा. रस्त्यावरची रहदारी नाही, रोज घरी.

पण मोजून बघा. प्रत्येक ट्रेलरला हवेची नळी लावायला उठायचं, काढायला उठायचं. गर्दीच्या पाळीत हे सतत चालू. आणि दिवसभर मान वळवून मागे घ्यायचं. ज्याची मान आखडलीय त्याने इकडे फिरकू नये. गुडघ्यासाठी पायऱ्या कमी असल्या तरी खेपा जास्त, तेव्हा काकांना हा सौदा कसा पडेल ते मी सांगू शकत नाही. एक पाळी सोबत बसून बघा म्हणावं, बहुतेक ठिकाणी हो म्हणतात.

रस्त्यावरच्या ट्रेलरवाल्यांसाठी दोन गोष्टी. फिफ्थ व्हीलची खिटी ओढायला लांब दांड्याचा आकडा मिळतो, तो घ्या. वाकून, हात लांबवून खिटी हिसकणं हे खांद्याचं वाटोळं करतं. आणि ट्रेलरच्या पायांच्या हँडलला दोन वेग असतात. भार असताना हळू वेगात, दोन्ही हातांनी, अंगाजवळ फिरवायचं. तरी जड जात असेल तर ती ताकद कमी पडण्याची खूण नाही, ग्रीस नाही किंवा ट्रेलर चुकीच्या उंचीला सोडलाय.

डांबरी | बुधवार, दुपारी १:१५

जे कुणी नंतर हा धागा वाचतील त्यांच्यासाठी न घ्यायची कामंही इथेच असू द्या. मोटारी वाहणारा ट्रेलर: दिसायला चकाचक, पण वरच्या मजल्यावर अरुंद पट्टीवरून चढून चाकं बांधायची, पडण्याची भीती कायम. घरसामान हलवणं: बोलायलाच नको. दुकानोदुकानी पेयांचे खोके पोचवणं: तरुणांचं काम. काँक्रीटचा मिक्सर मधला आहे, खेपा छोट्या, पण घसरणीचे पत्रे जड असतात आणि धुण्याची घाई, कारण काँक्रीट थांबत नाही.

जुना_गिअर | गुरुवार, रात्री ८:३०

सगळ्यांचे आभार. सगळं दोनदा वाचलं, मुलाला मोठ्याने वाचायला लावलं.

आज मालकाशी बोललो. सरकत्या कव्हरचा ट्रेलर आहे, पण तो एका जुन्या गिऱ्हाईकाला बांधलेला आणि त्यावरचा माणूस माझ्यापेक्षा मोठा! तो हलणार नाही, आणि का हलावं त्याने. पुढच्या खरेदीत अजून एक घेऊ म्हणाले. मी मान डोलावली.

कंटेनरच्या एका ठिकाणी ट्रिपशीटताईंचे प्रश्न घेऊन गेलो. माल उतरवणं नाही, हे लेखी देतो म्हणाले. थांबण्याचे पैसे पहिले काही तास सोडून. टायरला मदतीची गाडी. चेसिस मात्र रोज वेगळी, पुढची गाडी ठरलेली. सोमवारी एक फेरी करून बघायची आहे. रातपाळीभाऊ, तुमचं काम मनात भरलं होतं, पण डोळ्यांच्या डॉक्टरांची तारीख पुढच्या महिन्यातली आहे, तोवर रात्रीचं काही ठरवत नाही.

दोन प्रश्न उरले. कंबरपट्टा बांधून चालवू का? मित्र म्हणतो फार फरक पडतो. आणि गंजलेल्या ट्विस्ट लॉकसाठी हातोडी कोणती न्यावी?

सांधेजोड | गुरुवार, रात्री ९:०५

पट्ट्यावर पैसे घालू नका. निरोगी कामगाराला पट्ट्याने इजेपासून संरक्षण मिळतं याला पुरावा नाही, असं एनआयओएसएचने १९९४ मध्येच सांगितलंय. उलट पट्टा आहे म्हणून माणूस जास्त उचलायला जातो. त्यापेक्षा सीट लावा. हवेच्या सीटची उंची आणि ती तुमच्या वजनाला जुळवायची कळ, या दोन निराळ्या गोष्टी आहेत, बरेच जण फक्त उंची बघतात. खड्ड्यात सीट तळाला आपटत असेल तर वजनाची जुळणी चुकलीय किंवा तिचा डँपर (हादरे जिरवणारा भाग) गेलाय. पाठ किंचित मागे रेललेली, आणि पेडल पूर्ण दाबल्यावरही पाठ सीटला टेकलेली हवी. मागच्या खिशातलं पाकीट काढून ठेवा.

कंटेनरवाला | गुरुवार, रात्री ९:२०

हातोडी नकोच, काका. चेसिस ताब्यात घेण्याआधी, पेटी चढायच्या आधी, चारही लॉक हाताने फिरवून बघा. एखादा अडला तर तिथल्या माणसाला दाखवा आणि दुसरी चेसिस मागा. रिकामी असताना बदलून देतात. पेटी बसल्यावर मागे रांग लागलेली असते, तेव्हा कुणी ऐकून घेत नाही.